ओर्लांदो दी लासो ऐकण्याची सुरुवात कशी करावी

सोळाव्या शतकातील युरोपीय संगीताकडे वळणाऱ्या श्रोत्याने ओर्लांदो दी लासोपासून आरंभ करावा, असे माझे ठाम मत आहे, कारण लॅटिन, इटालियन, फ्रेंच आणि जर्मन या चारही भाषांत त्याने सारख्याच अधिकाराने रचना केल्या. सुमारे १५३२ मध्ये आजच्या बेल्जियममधील मोन्स येथे जन्मलेला हा गायक लहानपणीच गोन्झागा घराण्यातील सरदाराच्या परिवारासोबत इटलीत गेला. १५५३ मध्ये तो रोममधील लॅटरन चर्चच्या गायकवृंदाचा प्रमुख झाला आणि १५५६ पासून १५९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या ड्यूकच्या दरबारी राहिला. त्याच्या रचनांची संख्या दोन हजारांच्या घरात जाते, म्हणून क्रम ठरवूनच ऐकावे.

कोणतीही रचना लावण्यापूर्वी तिच्या शब्दांचा अर्थ वाचून घ्यावा. लासोच्या बाबतीत ही पायरी गाळता येत नाही, कारण त्याचे स्वर शब्दामागून चालतात. आरंभी १५८१ मध्ये छापलेल्या संग्रहातील प्रतिध्वनीचे गाणे घ्यावे. त्यात चार-चार आवाजांचे दोन गट आहेत. दुसरा गट पहिल्याचे शब्द परतवत राहतो आणि शेवटी पहिला त्याला गप्प बसायला सांगतो. त्याच संग्रहातील ‘मातोना मिया कारा’मध्ये एक जर्मन सैनिक मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये प्रेयसीची आळवणी करतो.

रागसंगीतावर पोसलेला आपला कान एक मुख्य गायक शोधतो, परंतु येथे प्रत्येक आवाज स्वतंत्र चालीने जातो आणि कोणीही साथीदार नसतो. म्हणून पहिल्या वेळी केवळ सर्वांत खालचा आवाज धरावा, दुसऱ्या वेळी सर्वांत वरचा, आणि मग सगळे आवाज एकाच क्षणी एकच शब्द उच्चारतात ती जागा टिपावी. तो शब्द संगीतकाराने मुद्दाम उजेडात आणलेला असतो.

एवढी सवय झाली की बायबलमधील पश्चात्तापाच्या सात स्तोत्रांवरील त्याच्या रचनांकडे यावे. ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने ती स्वतःसाठी राखून ठेवली होती, त्यामुळे ती १५८४ मध्येच छापली गेली; हान्स मीलिखने चितारलेली त्यांची हस्तलिखिते म्युनिकच्या ग्रंथालयात आहेत. सातही एकदम ऐकू नयेत. सहावे, ‘दे प्रोफुंदिस’, आधी घ्यावे आणि आवाजांची संख्या श्लोकागणिक कशी घटते-वाढते याकडे लक्ष द्यावे.

‘लाग्रिमे दी सान पिएत्रो’, म्हणजे ‘संत पीटरचे अश्रू’, सर्वांत शेवटी, पण एका बैठकीत ऐकावे. येशूला नाकारल्याबद्दल झुरणाऱ्या त्याच्या शिष्याचे, पीटरचे, हे सात आवाजांतील वीस इटालियन मॅड्रिगल्स (कवितेवर रचलेली, अनेक आवाजांची गीते) लासोने मृत्यूपूर्वी काही आठवड्यांवर पोपला अर्पण केले. एकविसावी रचना लॅटिनमध्ये आहे, आणि तिथे बोलणारा पीटर नसून क्रुसावरचा येशू असतो. म्हणून तिचा अर्थ आधी वाचून ठेवावा.