हेडफोन लावला की फाटणारा आवाज: माझा अनुभव

सीमॉय प्रकारच्या (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या) हेडफोन अँप्लिफायरचा किट, 9 व्होल्टची बॅटरी. जोडणी नीट, तरी 32 ओहमचा हेडफोन लावला की आवाज फाटायचा. मल्टिमीटरवर पाहिलं: हेडफोन काढला की कृत्रिम ग्राउंडच्या (बॅटरीचा व्होल्टेज अर्धा-अर्धा विभागून केलेल्या मधल्या बिंदूच्या) दोन्ही बाजूंना साडेचार व्होल्ट, लावला की तोल पार ढळलेला.

किटमधली आयसी एनई 5532. फार चांगली आयसी, पण या सर्किटला मानवत नाही. तिचा इनपुट बायस करंट, म्हणजे तिच्या इनपुट पिनमधून सतत वाहणारा बारीकसा करंट, साधारण 200 नॅनोअँपिअर. 1 लाख ओहमच्या रेझिस्टरवर त्याचे 20 मिलिव्होल्ट होतात आणि 11 पट गेननंतर (म्हणजे आयसीने तेवढे वाढवल्यावर) 220. एवढा डीसी (एकाच दिशेचा स्थिर व्होल्टेज) थेट हेडफोनमध्ये! त्याचा करंट हेडफोनमधून कृत्रिम ग्राउंडमध्ये जातो, म्हणूनच तोल ढळत होता. कॉइललाही तो वाईटच.

सॉकेटमध्ये ओपीए 2134 बसवली. इनपुटला एफईटी (जवळजवळ करंट न घेणारा ट्रान्झिस्टर), त्यामुळे बायस करंट नगण्य. पिनांची रचना तीच. आता आउटपुटवर डीसी 5 मिलिव्होल्टच्या आत आणि तबल्याचा डग्गा अगदी स्वच्छ वाजतो.