परसातली लिहिण्याची खोली: आधी खिडकी ठरवा

कोकणात घरामागच्या परसात लिहिण्यापुरती खोली बांधायची असेल, तर ८ बाय १० फूट जागा पुरते. टेबल, खुर्ची, एक फडताळ आणि अरुंद बाक त्यात नीट मावतो. मोठी खोली करू नका. तिथे लवकरच जुन्या गाद्या आणि आंब्याच्या पेट्या येऊन बसतात.

खरा विचार खिडकीचा करा. टेबलासमोरची खिडकी उत्तरेला घ्या. तिकडून दिवसभर सौम्य, एकसारखा उजेड येतो आणि कागदावर ऊन सहसा पडत नाही. दक्षिणेच्या भिंतीत वर, वळचणीखाली जाळीचा झरोका ठेवलात की वारा आरपार खेळतो. पश्चिमेची भिंत मात्र पूर्ण बंद हवी, पावसाचा मारा तिकडूनच येतो.

छपराला पत्रा अजिबात नको. जुलैच्या सरीत त्याच्या आवाजाने वाक्य डोक्यात टिकत नाही आणि मे महिन्यात तर आत बसवतच नाही. मंगलोरी कौलं घाला, वळचण अडीच-तीन फूट बाहेर काढा. जोतं जांभ्याचं, किमान दीड फूट उंच ठेवा. ओल कमी चढते, शिवाय वाळवीने वर नेलेल्या मातीच्या रेघा लगेच नजरेस पडतात. फडताळ भिंतीपासून दोन इंच सुटं ठेवा, नाहीतर श्रावणापर्यंत पुस्तकांना बुरशी धरते.

जागा माडाखालची निवडू नका. दार स्वयंपाकघराच्या दारासमोर येऊ देऊ नका, हाका थांबत नाहीत. आणि खोली लहान असली तरी काम काढण्यापूर्वी ग्रामपंचायतीत परवानगीची चौकशी करा.