मसाई पठार फक्त फुलांसाठी नको, लाव्हा बघायला चालत जावा

लाव्हा बघायचा तर हवाई नायतर आइसलँड, असं लई जणांना वाटतं. कोल्हापूरकरानं तर असं अजिबात म्हणू नये, कारण अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हाच आहे. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यातनं लाव्हा वाहत राहिला, थरावर थर चढत गेले आणि आज ते जवळपास 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेत, आपला जिल्हा त्याच्या दक्षिणेकडच्या कडेला येतो. त्यामुळं कुठल्या डोंगराच्या टोकावर ज्वालामुखीचं तोंड शोधत बसू नका, ते इथं नाहीच. बघायचे ते थर, आणि ते पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराकडं चालत गेलं की नीट दिसतात.

कोल्हापूरच्या सीबीएस स्टँडवरनं पन्हाळ्याची सकाळची पहिली एसटी धरा आणि खिडकीची सीट घ्या. वाघबीळच्या पुढं चढ लागला की डोंगराच्या अंगाकडं बघा, उभा कडा, मग उतार, परत कडा, परत उतार, असे टप्पे दिसतील. एका थराचा मधला भाग घट्ट असतो तो कडा होऊन टिकतो, वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला असतो तो लवकर झिजतो आणि तिथं उतार होतो. एवढं एक डोक्यात बसलं की सह्याद्रीतला कुठलाही डोंगर वाचता येतो, खरंच.

पन्हाळ्यावरनं राजदिंडीच्या वाटेनं खाली उतरायचं, तुरुकवाडी, म्हाळुंगे करत पठारावर चढायचं. जुलै 1660 मध्ये शिवाजी महाराज विशाळगडाकडं गेले तीच ही बाजू, त्यामुळं पावसाळ्यात पावनखिंड मोहिमेची गर्दी असते आणि सगळे भराभरा पुढं जातात. तुम्ही जाऊ नका. जिथं रस्त्यासाठी नायतर विहिरीसाठी दगड कापलाय तिथं थांबा. दगडात भोकं दिसतील, काही रिकामी, काही पांढऱ्या नायतर हिरवट खड्यांनी भरलेली. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूच्या त्या जागा, नंतर मुरणाऱ्या पाण्यानं त्यात खनिजं साठवली. वायू वर चढतो म्हणून भोकांची दाटी थराच्या माथ्याला जास्त. त्याच्यावर कधीकधी विटकरी लाल पट्टा असतो आणि त्याच्यावर परत घट्ट काळा दगड, म्हणजे एक थर संपला, मधे बराच काळ गेला, वरचा भाग कुजून माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला. बऱ्याच ठिकाणी झरे अशाच सांध्यातनं फुटतात, उन्हाळ्यात डोंगराला एकच हिरवी रेघ दिसली तर तिथं असा सांधा असण्याची शक्यता धरा. खडे काढायला हातोडी मात्र नेऊ नका, फोटो काढा आणि दगड तिथंच राहू द्या.

पठारावर पोचला की पायाखाली काळा दगड नाही, जांभा लागतो. हाही मूळचा लाव्हाच, पण लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं बरंच काही धुऊन नेलं आणि लोखंड, ॲल्युमिनियम मागं राहिलं, म्हणून तो लाल. शाहूवाडी, राधानगरीकडं बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचा कच्चा दगड, निघतो तो याच कारणानं. सपाट सडा, म्हणजे उघडा कातळ, माती जेमतेम बोटभर, त्यात पोषण कमी, म्हणूनच सीतेची आसवं ही किडे खाणारी रोपं इथं जमतात. सप्टेंबरात फुलं भरपूर असतात, पण दगड बघायचा असंल तर माझं मत डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि सगळं उघडं दिसतं. पावसाळ्यात गेलात तर डबक्यातनं आणि फुलांतनं चालू नका, गाडी तर पठारावर घालूच नका, एवढ्या पातळ मातीवर चाकाचं वण लई दिवस जात नाही. पुढं पांडवदऱ्याची कोरलेली लेणी बघून घ्या. तिथं आवाज कमी आणि अंगाला सेंट नको, कड्याला आग्या मोहळ असू शकतं.

बूट जाड तळव्याचेच घाला, जांभा धारदार असतो आणि चप्पल फाडतो, तर शेवाळलेला काळा दगड बर्फासारखा घसरतो. पठाराच्या कडेवर सेल्फीसाठी उभं राहू नका, वरचा जांभा कडक असला तरी खालची माती मऊ असते, ती निघून जाते आणि कडा नुसताच पुढं आलेला राहतो, वरनं ते कळत नाही. पाणी माणशी तीन लिटर, सावली जवळजवळ नाही. धुकं आलं की सगळीकडं सारखंच दिसतं म्हणून ऑफलाइन मॅप आधीच डाऊनलोड करा आणि धुक्यात कडेकडं जाऊ नका. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग दिसले की लगेच खाली उतरा, त्या सपाटीवर सगळ्यात उंच तुम्हीच असता, वीज पडायचा धोका खरा आहे.

अजून एक दिवस मिळाला तर याच तालुक्यात बांदिवड्याला जावा, तिथं लाव्हा थंड होताना आक्रसून त्याचे उभे कोनाकोनाचे खांब झालेत, गावात विचारलं की जागा दाखवतील. परतीला म्हाळुंग्याकडनं वडाप (शेअर जीप) मिळंलच असं नाही, सकाळी पन्हाळ्याच्या स्टँडवरच शेवटच्या एसटीची वेळ विचारून ठेवा आणि त्या हिशोबानं दुपारी पठार सोडा.