रिफ्लेक्समध्ये ‘इफ’ लिहायच्या आधी हे वाचा

पायथन येतं, जावास्क्रिप्टच्या वाटेला जायचं नाही, आणि तरी डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलणारं पान हवंय, अशांसाठी रिफ्लेक्स ही लायब्ररी आहे. तिचं आधीचं नाव पाइनकोन, २०२३ मध्ये बदललं. त्या जुन्या नावाचे लेख सापडले तर सरळ बंद करा, त्यातलं बरंच आता चालत नाही.

उदाहरण माझ्या घरचंच घेतो. नागपूरच्या इतवारीत मामाचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. एप्रिल उजाडला की फोन थांबत नाही: पंप पाणी चढवत नाही, मोटर गरम होते, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलायच्यात. हे सगळं एका वहीत लिहिलेलं असायचं आणि खोडाखोडीत कोणाकडे कोण गेलं हेच कळायचं नाही. त्या वहीच्या जागी मला तक्रारींचा फळा करायचा होता.

तयारी नेहमीचीच. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पिपने रिफ्लेक्स घ्या, मग ‘रिफ्लेक्स इनिट’ आणि ‘रिफ्लेक्स रन’. ३००० पोर्टवर पान दिसतं, ८००० वर पायथनची बाजू चालते. पहिल्यांदा बरंच सामान डाउनलोड होतं, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसू नका.

मग स्टेटचा क्लास लिहा. जे बदलणार आहे ते सगळं ह्यात, आणि प्रत्येक व्हेरिएबलला टाइप द्यायचाच. तक्रारीसाठी छोटा डेटाक्लास करा: नाव, वस्ती, बिघाड, कारागीर. नुसती ‘लिस्ट’ लिहून पुढे गेलात तर यादी दाखवताना रिफ्लेक्स अडून बसतो, कारण आत काय आहे हे त्याला कळत नाही. बटण दाबल्यावर चालायचं काम ह्याच क्लासच्या मेथडमध्ये येतं. मेथड वेळखाऊ असेल तर ‘थांबा’ हा शब्द दाखवायची ओळ लिहून लगेच ‘यील्ड’ करा, नाहीतर तो शब्द कोणाला दिसणारच नाही.

इथपर्यंत कोणीही येतो. अडतं ते स्क्रीनवर अट घालताना. माझे तीन रविवार इथेच गेले.

पान बनवणारं फंक्शन पायथनचं असलं तरी लोक पानाकडे बघत असताना ते चालत नसतं. ते चालतं पान तयार होताना. त्यातून रिॲक्टचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या एका लायब्ररीचं, पान बनतं आणि ब्राउझरकडे जातं ते पान. खात्री करायची असेल तर त्या फंक्शनमध्ये एक ‘प्रिंट’ टाका. सुरुवातीला टर्मिनलवर उमटेल, नंतर बटण कितीही दाबा, चिडीचूप. म्हणजे फंक्शन चालतं तेव्हा तक्रार एकही नसते. तिथे ‘स्टेट डॉट तक्रारी’ लिहिलं की हाती यादी येत नाही, यादी पुढे जिथे येणार त्या जागेची खूण येते. त्या खुणेवर पायथनचा ‘इफ’ लावणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी पंगतीला किती पानं वाढू म्हणून विचारणं.

साधा ‘इफ’ लावलात तर रिफ्लेक्स निदान ओरडतो, ‘आरएक्स डॉट कॉन्ड’ वापरा म्हणून सांगतो (‘आरएक्स’ हे कोडमधलं रिफ्लेक्सचं छोटं नाव, ‘कॉन्ड’ म्हणजे पानावर घालायची अट). ‘फॉर’ लावलात तर ‘आरएक्स डॉट फॉरईच’कडे बोट दाखवतो. हे बरं. खरा घात करतो तो ‘इज नन’.

मी ओळीत लिहिलं होतं: कारागीर ‘इज नन’ असेल तर लाल ‘बाकी’, नाहीतर हिरवं ‘माणूस निघाला’. एरर नाही, इशारा नाही. पण पायथनमध्ये ‘इज’चा अर्थ कुठल्याही लायब्ररीला बदलता येत नाही. खूण ही खूण असते, ती ‘नन’ कधीच नसते. अट पान बनतानाच खोटी ठरली आणि प्रत्येक ओळीत हिरवं छापलं गेलं. मे महिना, भर दुपार, आणि मामाचा फोन: “काहून रे, तुझं मशीन म्हणते माणूस निघाला, अन् तो तर इथंच चहा पिऊन राहिला!” तोवर चार घरी मामाने ‘निघालाय’ असं सांगूनही टाकलं होतं.

तेव्हापासून ‘नन’ मी पानापर्यंत येऊच देत नाही. कारागीर ठरला नसेल तर रिकामी स्ट्रिंग ठेवतो. ‘कॉन्ड’ला रिकामी स्ट्रिंग म्हणजे ‘नाही’ हे बरोबर कळतं.

दुसरा खड्डा दोन अटी जोडताना. ‘अँड’ चालत नाही, त्याच्या जागी अँपरसँडचं चिन्ह लागतं. पण हे चिन्ह बरोबरीच्या चिन्हापेक्षा घट्ट बांधतं, म्हणून प्रत्येक अट आपापल्या कंसात घाला. कंस विसरलात तर भलत्याच दोन गोष्टी जोडल्या जातात.

आणि जो सल्ला मला अजिबात पटत नाही तो हा, की सगळे ‘इफ’ काढून ‘कॉन्ड’ टाका. तसं केलं तर ‘कॉन्ड’मध्ये ‘कॉन्ड’, त्यात अजून एक, आणि महिन्याने स्वतःलाच वाचता येत नाही. विचार करायचं काम स्टेटच्या क्लासमध्ये करा. तिथे खरा डेटा असतो आणि ‘इफ’, ‘फॉर’, ‘लेन’ सगळं बिनधास्त चालतं. ‘किती बाकी’सारखा आकडा हवा असेल तर मेथडवर ‘आरएक्स डॉट व्हार’ लावा आणि परतीचा टाइप लिहा. हा आकडा साठवून ठेवला जातो, म्हणून ‘तक्रारीला किती तास झाले’ असं घड्याळाचं काही त्यात असेल तर कॅश ‘फॉल्स’ करा. प्रत्येक ओळीचं वेगळं काही दाखवायचं असेल, तर डेटाक्लासमध्येच ‘दाखवायचा मजकूर’ आणि ‘रंग’ असे दोन रकाने जोडा आणि तक्रार नोंदवताना किंवा बदलताना भरा. माझ्या फळ्याच्या पानावर आता एकच ‘कॉन्ड’ उरलाय: यादी रिकामी असेल तर ‘आज तक्रार नाही’. मे महिन्यात तो कधी दिसत नाही म्हणा.

स्टेट प्रत्येक टॅबची वेगळी असते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकलेली तक्रार मामाच्या मोबाइलवर आपोआप येणार नाही. यादी डेटाबेसमध्ये ठेवा आणि पानावर ‘आरएक्स डॉट मोमेंट’ला इंटरव्हल देऊन ठराविक वेळाने ती पुन्हा वाचा. मी १५ सेकंद ठेवलेत, म्हणजे १५०००, कारण तो आकडा मिलिसेकंदांत लागतो. मी आधी नुसतं १५ लिहिलं होतं.

सर्व्हरवर चढवताना सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एपीआय यूआरएल’ला खरा पत्ता द्या आणि मध्ये प्रॉक्सी असेल तर तिच्यातून वेबसॉकेट, म्हणजे पान आणि सर्व्हर यांच्यातलं सतत उघडं कनेक्शन, जाऊ द्या. ते राहिलं तर पान छान उघडतं, पण एकही बटण चालत नाही.