‘गार्गॉइल’ची व्युत्पत्ती कशी शोधावी

शब्दाचे मूळ शोधायचे असेल तर कोश उघडण्यापूर्वी ती वस्तू काय काम करते हे पाहावे. गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, चर्चच्या छताच्या कडेला भिंतीबाहेर झेपावलेला गार्गॉइल दिसायला कितीही भेसूर असला, तरी मुळात ती पन्हळ आहे. छतावरचे पावसाचे पाणी त्या दगडी पशूच्या पाठीवर खोदलेल्या चरातून येते आणि भिंतीवर ओघळून दगडांच्या सांध्यांतला चुना धुपू नये, म्हणून त्याच्या उघड्या जबड्यातून दूर फेकले जाते.

मग जुनी रूपे तपासावीत. हा शब्द इंग्रजीत १३व्या शतकाच्या अखेरीस जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ घसा असा होता आणि पन्हळीलाही तोच शब्द लावत. त्यातला ‘गर्ग’ हा घशात घोळणाऱ्या पाण्याच्या आवाजाचे अनुकरण आहे. गुळण्या करणे या अर्थाचा इंग्रजी ‘गार्गल’ याच फ्रेंच कुळातला. मिठाच्या कोमट पाण्याची गुळणी तोंडात धरून मान मागे टाकली, की हे मूळ कानांनी पडताळता येते.

इथे मराठी माणसाला ‘गळा’, ‘गुळणी’, ‘गुरगुर’ यांच्याशी लगेच नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरावा. आवाजावरून बनलेले शब्द परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही सारखे निघतात, त्यामुळे निव्वळ नादसाम्य हा पुरावा ठरत नाही.

दंतकथेची तारीखही विचारावी. फ्रान्समधील रूआँच्या संत रोमाँने ‘गार्गुय’ नावाच्या राक्षसी सर्पाला वश केले आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. संत ७व्या शतकातले असले तरी कथेचा लेखी उल्लेख १४व्या शतकाच्या अखेरचा आहे, म्हणजे शब्द आधीच रुळला होता. माझ्या मते सर्पालाच त्या शब्दावरून नाव मिळाले असावे.

अर्थाची सीमाही नीट आखावी. पॅरिसच्या नोत्र दाम या चर्चच्या सज्जावरचे प्रसिद्ध विचित्र प्राणी १९व्या शतकातल्या जीर्णोद्धाराच्या वेळी बसवलेले असून त्यांच्यातून पाणी वाहत नाही, म्हणून काटेकोर अर्थाने ते गार्गॉइल नव्हेत.

शेवटी इतर भाषांनी त्याच वस्तूला काय म्हटले ते पाहावे. जर्मनमध्ये तिला ‘वासरश्पायर’, म्हणजे पाणी थुंकणारा, म्हणतात. तिथे नाव क्रियेवरून पडले. आपल्या देवळांत गाभाऱ्यातले अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या दगडी मुखाला मात्र आपण आकारावरून ‘गोमुख’ म्हणतो.