गाडीत स्वस्तातला जीपीएस ट्रॅकर बसवताना

ओबीडी सॉकेटमध्ये (स्टिअरिंगखालचं, मेकॅनिक तपासणीचं यंत्र जोडतो ते) खोचायचा ट्रॅकर घेऊ नका. बसवायला अर्धं मिनिट लागतं, पण चोरालाही उपटायला तेवढंच. वायरवाला घ्या, आतली छोटी बॅटरी असलेला; गाडीची बॅटरी काढली तरी तो काही वेळ मोबाईल नेटवर्कवरून ठिकाण कळवत राहतो. टू-जी नेटवर्क अनेक देशांत बंद झालंय, म्हणून फोर-जीच बघा.

लाल वायर कायम १२ व्होल्ट मिळणाऱ्या ठिकाणी, मध्ये १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज घालून. काळी बॉडीच्या बोल्टवर, तिथला रंग खरवडून. तिसरी असेल तर ती इग्निशनची, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज मिळते तिथे. गाडीतल्या वायरींच्या रंगांवर भरवसा नको, मल्टिमीटर लावून बघा: किल्ली बंद असतानाही १२ व्होल्ट दाखवते ती कायमची.

जागा महत्त्वाची. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे. प्लॅस्टिकमधून सिग्नल जातो, पत्र्यातून नाही. चिकटपट्टी उन्हाने सुटते, झिप-टाय बांधा, नाहीतर खड्ड्यात खडखडाट ऐकत बसाल.

गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहते? २० मिलिअँपिअर खाणारा ट्रॅकर तेवढ्यात साधारण ७ अँपिअर-तास गिळतो. जुन्या बॅटरीला हे जड जातं, तेव्हा स्लीप मोड (गाडी उभी असताना ट्रॅकर कमी वीज खातो तो) चालू ठेवा.

लांबून इंजिन बंद करणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) मी तरी लावणार नाही. धावती गाडी मध्येच बंद पडली तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकही.

बऱ्याच ट्रॅकरचा मूळ पासवर्ड १२३४५६ असतो. पॅनेल परत लावण्याआधी तो बदला, आणि एक चक्कर मारून नकाशावर ठिपका हलतोय ना ते पाहा.