दाराची मूठ, गाडीचं दार आणि पेट्रोल पंप: पहिल्या हिवाळ्यातले झटके

थंड देशात नव्याने आलेल्यांचा पहिल्या हिवाळ्यात हमखास फोन येतो: "दाराच्या मुठीला करंट येतोय, वायरिंग खराब आहे का?" नाही. टिचकी मारल्यासारखा एकदाच बसतो आणि संपतो, तो झटका तुमच्याच अंगावर साठलेल्या स्थिर विद्युतभाराचा असतो. मात्र एखाद्या उपकरणाला हात लावल्यावर मुंग्या येतच राहिल्या, तर ते बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दोष कोरड्या हवेचा. शून्य अंशाची हवा घनमीटरमागे जेमतेम ५ ग्रॅम बाष्प धरते, २० अंशांची १७ ग्रॅम. बाहेरची हवा घरात येऊन तापली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर असतो, त्यातून भार झिरपून जातो. इथे तो अंगावरच राहतो. झटका जाणवला म्हणजे साधारण ३००० व्होल्ट तरी होते. पण भार इतका थोडा आणि क्षण इतका छोटा की शरीराला इजा होत नाही.

आपल्या लोकांची एक सवय मला मुळीच पटत नाही. हीटर २६ वर, अंगात फ्लीस, कार्पेटवर दिवसभर फरफटत चालणं, आणि वर पायात रबरी चपला. "रबर घातलं की शॉक लागत नाही" हे घरगुती विजेच्या बाबतीत ठीक. इथे उलटं होतं: रबर भाराला जमिनीत जाऊच देत नाही. चामड्याच्या तळाची चप्पल घाला, अंगाला लागून सुती कपडे ठेवा आणि हीटर दोन-तीन अंशांनी उतरवा. हातांना रोज मॉइश्चरायझर लावा. ह्युमिडिफायरने आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. खिडक्यांच्या काचांवर पाणी धरू लागलं तर कमी करा, नाहीतर बुरशी येते.

तरीही भार साठलाच, तर किल्ली घट्ट धरून तिचं टोक मुठीला टेकवा. ठिणगी किल्लीच्या टोकावर उडते, बोटाला काही कळत नाही. गाडीतून उतरताना सीटवरून उठण्याआधीच दाराच्या चौकटीचा उघडा धातू पकडा आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडू नका. उतरून मग दाराला हात लावला तर झटका ठरलेला.

आता पेट्रोल पंप. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगतो. इथे बहुतेक ठिकाणी पेट्रोल आपणच भरायचं असतं. बाहेर गारठा असतो म्हणून लोक नॉझल टाकीत अडकवून गाडीत जाऊन बसतात. सीटवर घासून भार साठतो, परत येऊन नॉझलला हात लावला की ठिणगी नेमकी पेट्रोलच्या वाफेत उडते. अशा आगी खरोखर लागलेल्या आहेत. भरून होईपर्यंत बाहेरच उभे राहा. बसावंच लागलं, तर नॉझलला हात लावण्याआधी टाकीच्या तोंडापासून दूर, गाडीच्या उघड्या धातूला हात लावा. आग लागलीच तर नॉझल ओढून काढू नका, पेट्रोल सांडून ती पसरते. मागे सरा आणि कर्मचाऱ्याला हाक मारा. कॅन भरायचा असेल तर तो डिकीतून काढून जमिनीवर ठेवूनच भरा.

ड्रायरमध्ये सिंथेटिक कपडे वेगळे टाका आणि कडकडीत होईपर्यंत फिरवू नका.

लॅपटॉपची मेमरी घरी बदलायची असेल तर कार्पेटवर बसून कधीच नको. ओळखीच्या एका मुलाने नवाकोरा लॅपटॉप असाच गमावला; त्याला झटका जाणवलाही नव्हता. आतले काही भाग १०० व्होल्टच्याही खाली बिघडू शकतात, आणि तेवढं आपल्या बोटाला कळतच नाही. अर्थिंगचा मनगटपट्टा स्वस्तात मिळतो. तो बांधा, टेबलावर काम करा आणि नवा भाग शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या पिशवीतच राहू द्या.